भोंगा गप्प करणारं बटण

मित्रांनो, मी एक जुनं पिवळं बटण आहे. मला दाबलं की भोंगा गप्प होतो, एवढंच मला येतं. अंकलेश्वरजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात, कंट्रोल रूमच्या टेबलावर मला बसवलं तेव्हा पेढे वाटले होते. मी ऑपरेटरच्या अगदी हाताशी. आणि भोंगा कशासाठी वाजला ते दाखवणारा पडदा? तो त्याच्या पाठीमागे. तिथली भिंत रिकामी होती म्हणून.

त्या खुर्चीत वजुभाई बसायचे. टाकी भरली, दार उघडं राहिलं, वायू गळला, सगळ्याला भोंगा तोच. दाबा, वळा, बघा. दिवसभर तेच. शेवटी मानेला पट्टा आला. मग त्यांनी माव्याच्या पुडीचं रबर गुंडाळून माझ्या फटीत कोंबलं. मी दबूनच राहिलं, भोंगा गप्पच. पाणी प्यायला उठले की ते पडद्याकडे बघून घेत. तिथले सगळेच असं करत.

एकदा हेतलबेन आल्या. टेबल-पडदे माणसाला सोसतात का, हे तपासणं त्यांचं काम. त्या स्वतःच खुर्चीत बसल्या आणि दुपारपर्यंत मान चोळू लागल्या.

वजुभाई हसले. "बेन, एवढ्यात? अजून तर दुपारचा चहासुद्धा आला नाही."

"काका, तुम्ही खरं काय करता ते दाखवा ना. तुमचं नाव कुठे येणार नाही."

निवृत्ती जवळ आली होती, म्हणून ते जरा घुटमळले. मग त्यांनी रबर दाखवलं. बेननी फोटो काढला.

बेनच्या अहवालात नाव खरंच कुठे आलं नाही. पण फोटोत माझ्या शेजारी मगरीवर बसलेल्या खोडियार माँचं चित्र होतं. प्रत्येक ऑपरेटर आपापला देव टेबलाला चिकटवतो, आणि कुणाचा कोणता ते कारखान्याच्या मॅनेजरांना, पंचालसाहेबांना, पाठ होतं.

साहेबांनी बेनना खारी-चहा दिला. "फार उपयोगी काम केलंत. चोर सापडला."

बेननी कप खाली ठेवला. पडदा समोर आणा, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.

"पडदा हलवायचा तर कारखाना बंद ठेवावा लागेल," साहेब म्हणाले. "माणूस हलवायला काय लागतं?"

त्याच दुपारी वजुभाईंनी नखाने चित्र खरवडून काढलं. माँ निघाली, तिची मगर तेवढी चिकटून राहिली. जाताना त्यांनी मला फडक्याने पुसलं. का, कोण जाणे.

माझा मात्र सन्मान झाला. काही कोंबता येऊ नये म्हणून माझ्याभोवती चकचकीत पोलादी कडं बसवलं. आता तिथे अल्पेशभाई बसतात. त्यांनी माझ्यावर बाटलीचं झाकण ठेवून वरून चिकटपट्टी लावली आहे. मानेला पट्टा अजून नाही.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणी अशी टेबलं बनवाल. माझी काळजी नका घेऊ, मी प्लॅस्टिकचं आहे. आधी त्या खुर्चीत एक दिवस बसा.

आत्ता पोलादी कड्यावर लाल उजेड लुकलुकतो आहे. मागच्या पडद्यावर काहीतरी पेटलं आहे. काय, ते मला वळून बघता येत नाही. अल्पेशभाईंना येतं. पण भोंगा गप्प आहे, आणि त्यांना अजून तहान लागलेली नाही.