आप्पासाहेबांच्या दंडावरचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. पत्र्याची पेटी, काचेच्या नळीतला पारा, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि दाबायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. आता फुगा चिरला आहे, पारा निम्मा गळाला आहे आणि मी दवाखान्याच्या कपाटावर धूळ खात पडलो आहे. पण माझी कीव करू नका. करायचीच असेल तर ज्या शहाण्यांच्या संगतीत माझी उमेदीची वर्षं गेली, त्यांची करा.

१९७१ साली मी मुंबईच्या कारखान्यातून नगरला आणि तिथून एस.टी.च्या टपावर बसून पारनेर तालुक्यातल्या एका लहान गावच्या दवाखान्यात आलो. तिथल्या नर्स रोझीबाईंनी पेटी उघडली तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. "बरं झालं. आता गरोदर बायकांचा दाब बघता येईल," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेटी बंद करून कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. बायकांच्या बांगड्या लागून नळी फुटेल, असं त्यांचं म्हणणं. माझी नळी पेटीत असते आणि पट्टा दंडावर. बांगड्या मनगटात असतात, हे शिकायला बहुतेक आणखी वरची पदवी लागत असावी.

मग मी कुणाच्या कामी आलो? सरपंच आप्पासाहेबांच्या. दर रविवारी डॉक्टर मला काखेत मारून त्यांच्या बैठकीत न्यायचे. गृहस्थ बैलासारखे ठणठणीत. "किती भरला?" ते विचारायचे, जणू काट्यावर कांदा चढवलाय. "एकशेवीस-ऐंशी," डॉक्टर सांगायचे. मग भज्यांची ताटली यायची. दर रविवारी तोच आकडा आणि तीच भजी. मला दोन्हींचा वीट आला होता.

बाकीचे सहा दिवस मी कपाटातून ऐकायचो. रोझीबाई जीव तोडून सांगायच्या. तोंडावर, हातांवर सूज आली, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले किंवा अंगावरून रक्त गेलं, तर घरी थांबायचं नाही. दिवस भरत आले की नवं ब्लेड, उकळलेला दोरा, उन्हात वाळवलेलं कापड तयार ठेवायचं आणि वेळ आली तर गाडी कुणाची, हेही आधीच ठरवायचं. बायका माना डोलवायच्या, लोहाच्या गोळ्या पदरात बांधायच्या आणि ओढ्यात टाकून द्यायच्या. गोळ्यांनी पोर काळं होतं म्हणे. जास्त जेवलं तर पोर मोठं होऊन अडतं, म्हणून पोटुशीला अर्धीच भाकरी.

या शहाणपणाची मुकादम म्हणजे बनुबाई. तिची सून राही पहिलटकरीण होती. "आमच्या सासूची धा बाळंतपनं घरात झाली. कुठं हुती गोळी?" बनुबाईनं विचारलं.

"त्यातली जगली किती?" रोझीबाई म्हणाल्या.

"चार!" बनुबाई अभिमानानं म्हणाली. आता बोला.

राहीला नववा लागला आणि ओटी भरायचं ठरलं. तो रविवार, बाजाराचा दिवस. मालनबाई कासारीण दवाखान्याच्या ओट्याशी टोपली मांडून बसायची. बनुबाई सुनेला हिरवा चुडा भरायला तिच्याकडे घेऊन आली. पुढचं मला नंतर रोझीबाईंच्या तोंडून कळलं, कारण मी त्या वेळी अर्थातच आप्पासाहेबांच्या दंडावर होतो.

राहीच्या हातात नेहमीच्या मापाची बांगडी चढेना. त्याहून मोठीही चढेना. बनुबाई हरखून चार बायकांना हाका मारायला लागली, "बघा गं, कशी भरलीय! पोरगाच हाय."

मालनबाईनं बांगडी खाली ठेवली. राहीच्या पंजावर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खड्डा तसाच राहिला.

"पोरी, डोकं दुखतं का?"

"व्हय. तीन दिस झालं. दिसतंय बी धुरकट."

"माजी लेक अशीच फुगली हुती," मालनबाई म्हणाली. "लई भरलीय, भरलीय म्हनीत आमी तिला घरातच ठिवली. पाचव्या दिशी उचलली." तिनं टोपलीवर फडकं टाकलं आणि राहीला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

रोझीबाई तडक आप्पासाहेबांच्या बैठकीत आल्या. "साहेब, यंत्र द्या. बनुबाईची राही सुजलीय."

"आप्पासाहेबांचं होऊ द्या की," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या तोंडात भजं होतं.

रोझीबाईंनी सरळ माझा पट्टा सोडवला. आप्पासाहेब ओरडले, "आवं, पर माजा आकडा?"

"एकशेवीस. मागच्या रविवारचाच."

राहीच्या दंडावर मी बसलो तेव्हा माझा पारा एकशे ऐंशीच्या पुढं गेला. खालचा आकडा एकशेवीस. लघवी काचनळीत धरून दिव्यावर तापवली तर ती नासक्या दुधासारखी फुटली, म्हणजे तिच्यात प्रथिनं उतरली होती. "झटके आले तर दोघंही जातील. आत्ताच्या आत्ता नगरला न्यायचं," रोझीबाई म्हणाल्या.

"वटी भरल्याबिगर येस वलांडायची न्हाई," बनुबाई दारात आडवी उभी राहिली. सून मरणाच्या दारात होती आणि हिला मुहूर्त सुचत होता.

मालनबाई बाहेर गेली, टोपलीतल्या हिरव्या बांगड्या ओंजळभर उचलून आणल्या आणि राहीच्या पदरात ओतल्या. "ही भरली वटी. व्हय बाजूला."

आप्पासाहेबांनी जीप दिली, हे कबूल केलं पाहिजे. पुढं तीन वर्षं ते त्याच जीपबद्दल बोलत होते. नगरच्या वाटेवर सुपे गावाच्या पुढं राहीला एक झटका आला. रोझीबाईंनी तिला कुशीवर धरून ठेवलं, आणि मी त्यांच्या पायाशी नुसता खडखडत होतो. त्या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली. सकाळी नगरच्या दवाखान्यात राही बाळंत झाली. मुलगी झाली आणि दोघीही जगल्या.

गावानं काय केलं? माझ्या झाकणावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मालनबाईला मात्र बनुबाईनं वेशीत गाठून ऐकवलं, "चुडा भरला न्हाईस, नाट लावलास, म्हनून पोरगी झाली." आणि बायकांनी तिच्याकडून बांगड्या भरणं बंद केलं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

पण मित्रांनो, मी तरी कोण मोठा लागून गेलो? मला वाटायचं, खरं काय ते फक्त माझ्या पाऱ्याला कळतं. माझ्याआधी ते एका कासारणीच्या अंगठ्याला कळलं होतं. मी तेव्हा एका धडधाकट माणसाचा दंड दाबत होतो. त्याची लाज मला अजून वाटते.

कपाटाची किल्ली मात्र रोझीबाईंनी डॉक्टरांकडून काढून घेतली आणि नंतर कुणाला परत दिली नाही. आप्पासाहेब रुसले, डॉक्टरांची भजी बंद झाली, आणि पुढची बारा वर्षं मी बायकांच्या दंडावर बसलो. एकदाही बांगडी लागून नळी फुटली नाही. तुमची आई, ताई, वहिनी गरोदर असेल तर माझ्यासारख्याला कपाटात ठेवू देऊ नका. तिला दर महिन्याला दवाखान्यात घेऊन जा, आणि "भरलीय" म्हणून कौतुक करणाऱ्यांना बाजूला सारा.

त्या बाळंतपणाला सव्वा महिना झाल्यावर राही बाजारात आली होती. सासू नको म्हणत असताना आली. मालनबाईच्या टोपलीपुढं एकही गिऱ्हाईक नव्हतं. राही मुलीला मांडीवर घेऊन बसली आणि भर बाजारात हात पुढं केला. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. मालनबाईनं बांगडी उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि आधी राहीच्या पंजावर अंगठा दाबून पाहिला. खड्डा पडला नाही. मग तिनं नेहमीच्या मापाच्या बांगड्या एकेक करून चढवल्या.