कुलपात अडकलेली किल्ली

मित्रांनो, मी टपालपेटी नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आजवर कितीतरी जणांनी माझ्या फटीत पत्रं कोंबली आहेत आणि उत्तर आलं नाही म्हणून मलाच लाथा मारल्या आहेत. मी एक जुनी पोलीसपेटी आहे. शिकागो शहराच्या ज्या कोपऱ्यावर मला रोवलं, तिथेच मी आजही उभी आहे. पोटातला टेलिफोन कधीच गेला. दार गंजून बसलं. रंगाचे इतके थर चढले आहेत की मूळचा रंग मलाच आठवावा लागतो. निळा होता तो. माझ्या कुलपात मात्र एक पितळी किल्ली अडकलेली आहे. ती का अडकली आहे हे सांगण्यासाठीच मी तोंड उघडलं आहे, नाहीतर लोखंडाला बडबडीची सवय नसते.

माझा जन्म नदीकाठच्या ओतकामाच्या कारखान्यात झाला. मी आले त्याआधी इथल्या पोलिसांचे फार हाल होते. चोर दिसला तर शिट्टी फुंकायची आणि जवळपास कोणी ऐकतंय का याची वाट बघायची. दारू पिऊन पडलेल्याला तर ढकलगाडीत घालून चौकीपर्यंत ढकलत न्यायचे. मी आले आणि चित्र पालटलं. माझ्यात एक तार होती, तिचं दुसरं टोक चौकीत. कळ फिरली की तिथे घंटा वाजे, आणि दोन घोड्यांची गाडी धडधडत कोपऱ्यावर येई. गस्तीच्या शिपायाने दर तासाला मला उघडून ‘सगळं ठीक’ असं कळवायचं असा नियम होता. पहिल्या दिवशी लोक मला बघायला जमले होते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं.

पोलीस जवळ नसेल तर काय करायचं? त्यासाठी प्रत्येक कोपऱ्यावरच्या काही भरवशाच्या माणसांना माझ्या किल्ल्या दिल्या होत्या. माझ्या कोपऱ्यावर तीन होत्या. एक औषधवाल्याकडे, एक दारूच्या गुत्त्याच्या गॅननकडे आणि एक पाव भाजणाऱ्या वोंद्रांकडे. पण ज्यांनी मला घडवलं त्यांना भीती होती की लोक गंमत म्हणून घंटा वाजवतील. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. किल्ली फिरवली की घंटा वाजे, पण किल्ली परत निघत नसे. मी ती दातांत धरून ठेवी. पोलीस येऊन आपल्या वेगळ्या किल्लीने सोडवी तेव्हाच ती सुटे. म्हणजे किल्लीवर कोरलेल्या नंबरावरून हाक कोणी मारली, हे लपत नसे.

खोटं बोलणाऱ्याला पकडायची ही युक्ती खऱ्याच्याच गळ्यात अडकेल, हे त्या शहाण्यांच्या ध्यानात आलं नाही.

आमचा गस्तीचा शिपाई होता कॉर्नेलियस टिअर्नी. गडी आयर्लंडचा, मिशा भरघोस, मन साधं. अडकलेली किल्ली सोडवली की तो ती तळहातावर ठेवून मालकाच्या दारापर्यंत चालत जाई, टोपी काढी आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, “आपली किल्ली. शहर आपलं आभारी आहे.” त्याला वाटे, हा केवढा मान.

त्या वेळी आमच्या भागात डेनी हॅरिगनचं ‘कसरत मंडळ’ होतं. कसरत कोणी करताना मी पाहिली नाही. मंडळाचा दरसाल एक नाच असे आणि त्याची तिकिटं पोरं दुकानोदुकानी विकत. नाचायला कोणी जात नसे, पण तिकीट सगळे घेत. जो घेत नसे त्याच्या खिडकीची काच टिकत नसे. नगरसेवकाची मतं गोळा करायचं कामही हेच मंडळ करी, त्यामुळे त्याला हात लावायला वरचे साहेबही कचरत.

एकदा या पोरांनी एका दुकानदाराला मारताना जुने औषधवाले हास यांनी पाहिलं आणि माझी घंटा वाजवली. टिअर्नीने नेहमीसारखी किल्ली मिरवत नेली, टोपी काढली, आभार मानले. आठवडा गेला नाही तोच हासच्या दुकानाची एकही बाटली शाबूत राहिली नाही. म्हातारा दुकान विकून गेला. टिअर्नी त्या रिकाम्या दुकानासमोर बराच वेळ उभा होता. तेव्हापासून मला उघडताना तो माझ्याकडे बघत नसे. आणि त्यानंतर माझ्या कुलपात कोणाची किल्ली आली नाही. आमच्या गल्लीतली माणसं युरोपातल्या बोहेमिया प्रांतातून आलेली. त्यांच्या मायदेशात पोलीस म्हणजे बादशहाचा माणूस. त्याला बोलवायचं कशाला, असं ती आधीच म्हणत. आता तर बोलायलाच नको.

अशी काही वर्षं गेली. वोंद्रा वारले. पावाचं दुकान त्यांची बायको आनेश्का चालवू लागली आणि किल्लीही तिच्याकडे आली. तिने ती भट्टीजवळच्या खिळ्याला टांगली. हासच्या जागी प्रिबिल नावाचा तरुण औषधवाला आला. हडकुळा, चष्मा लावणारा, शिंकला तरी माफी मागणारा. त्याची किल्ली तो घड्याळाच्या साखळीला लावून फिरे.

एका दुपारी छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा झेल्मन माझ्या शेजारी गाडी लावून बसला होता. मंडळाची दोन पोरं आली.

“आजोबा, तिकीट घ्या. नाच आहे.”

“मला गुडघे नाहीत बाबा,” झेल्मन म्हणाला. “गुडघे असलेल्याला विका.”

गल्लीत दोन-चार जण हसले. तेच पोरांना झोंबलं. त्यांनी त्याच्याच छत्रीच्या दांड्याने त्याला मारायला सुरुवात केली. हॅरिगन पलीकडे दिव्याच्या खांबाला टेकून काडी चघळत होता. त्याचे हात नेहमी स्वच्छ असत. खिडक्यांचे पडदे पडले. म्हातारा आधी ओरडत होता, मग ओरडेनासा झाला. हॅरिगनही कंटाळून गुत्त्यात गेला, आणि तेवढ्यात आनेश्का दुकानाच्या बाजूच्या दारातून निघाली. पदराखाली हात झाकावा तसा तिने एप्रनखाली हात झाकला होता. ती माझ्यापाशी आली, किल्ली फिरवली आणि आल्या पावली परत गेली. किल्ली माझ्या दातांत राहिली. तिच्यावर पिठाची बोटं उमटली होती. मला ती पुसता आली असती तर मी पुसली असती.

गाडी आली. दोघं पोरं पकडली गेली, झेल्मनला इस्पितळात नेलं. टिअर्नी धापा टाकत पोचला तेव्हा हॅरिगन गुत्त्याच्या दारात उभा राहून लांबूनच माझ्या कुलपातल्या किल्लीकडे बघत होता.

टिअर्नीने किल्ली सोडवली. सगळी गल्ली पडद्याआडून बघत होती. त्याने किल्लीवरचं पीठ पाहिलं, अंगठ्याने पुसलं आणि किल्ली खिशात टाकली.

“काय साहेब, आज मिरवणूक नाही?” हॅरिगन म्हणाला. “किल्ली कोणाची?”

“माझी.”

“पोलिसाची किल्ली अडकत नाही. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.”

“मग त्या पोरालाच विचार,” टिअर्नी म्हणाला आणि चालू लागला.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण हॅरिगनलाही हिशेब येत होता. किल्ल्या तीन. गॅनन त्याचाच माणूस. बाईमाणसाची एवढी छाती नसणार. राहिला औषधवाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, पावाची रांग लागलेली असताना, हॅरिगन पोरं घेऊन आला. त्यांनी प्रिबिलला कॉलर धरून बाहेर आणलं आणि माझ्या अंगाला टेकवून उभं केलं. एकाने काठी उगारली. प्रिबिलच्या खिडकीत रंगीत पाण्याचे दोन मोठे काचेचे कुंभ होते, एक लाल, एक हिरवा. सगळं भांडवल त्यातच घातलं होतं त्याने.

“तुझी किल्ली दाखव,” हॅरिगन म्हणाला. “तुझ्याजवळ असेल तर तू सुटलास. मग आम्ही पुढचं दार बघू.”

मित्रांनो, प्रिबिलची पाठ माझ्या दाराला टेकली होती. घड्याळाची साखळी मोकळी लोंबत होती. किल्ली दाखवली की तो सुटणार होता, पण पुढचं दार कोणाचं हे त्याला ठाऊक होतं.

“हरवली,” तो म्हणाला. मग सवयीने म्हणाला, “माफ करा.”

“कुठे हरवली?”

“ते माहीत असतं तर तिला हरवली म्हणालो नसतो.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. काठी वर गेली. आणि रस्त्यापलीकडून आवाज आला.

“त्याला सोड. किल्ली माझी आहे.”

आनेश्का दुकानातून बाहेर आली होती. हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले होते. ती सरळ रस्ता ओलांडू लागली.

हॅरिगन हसला. “बाई, दुसऱ्याचं पाप कशाला डोक्यावर घेता? जा, पाव करपेल.”

“करपू दे. पाप कसलं त्यात? म्हातारा मरत होता, मी हाक मारली. तुझी आजी असती तर तिनेही मारली असती. तू असतास तर तुझ्यासाठीही मारली असती, पण आधी सावकाश हात धुऊन.”

“बाई, तुमच्या खिडकीला काच आहे ना?”

“आहे. आणि भट्टीला आगही आहे. काच नसली तरी पाव भाजतो.”

ती असं बोलली खरी, पण माझ्याजवळ येऊन उभी राहिली तेव्हा तिने माझ्या डोक्यावर हात टेकवला, आणि तो हात गार पडला होता.

मग रांगेतल्या कुबेल्काबाई हलल्या. परसात हंस पाळणारी, अंगाने आडवी बाई. काखेत काळा पाव धरून त्या रस्ता ओलांडून आल्या.

“शेजारीणबाई, कुठे निघालात? माझे सुटे पैसे द्यायचे राहिलेत,” त्या म्हणाल्या आणि आनेश्काच्या उजव्या अंगाला उभ्या राहिल्या. “द्या सावकाश. मी थांबते.”

त्यांच्यामागून दुसरी आली. मग रांगच्या रांग इकडे आली. कोणी आरडाओरडा केला नाही. शहाजिरं घातलेल्या ताज्या पावाचा वास माझ्याभोवती दाटला. हॅरिगन एकेकीकडे बघत होता. या सगळ्यांचे नवरे लाकडाच्या वखारीत कामाला होते आणि त्यांची मतं नगरसेवकाला हवी होती. एका बाईची काच फोडणं सोपं होतं. अख्ख्या गल्लीची फोडली असती तर नगरसेवकाने त्याचंच डोकं फोडलं असतं.

“बघून घेईन,” तो म्हणाला.

“बघ की,” कुबेल्काबाई म्हणाल्या. “इथेच राहतो आम्ही.”

टिअर्नी पळत पोचला तेव्हा मंडळ पांगलं होतं. आनेश्काने तळहात पुढे केला. “साहेब, माझी किल्ली.”

“ती माझ्या खिशात सुखरूप आहे, बाई. तिथेच राहू दे. मी एकदा चूक केली आहे.”

“ती खिशात ठेवून घंटा वाजणार कशी?”

टिअर्नीने किल्ली काढली, तळहातावर ठेवली, टोपी काढली. त्याने नुसती मान खाली घातली.

प्रिबिल लंगडत दुकानाकडे निघाला. पायरीवर बसून त्याने बूट काढला, उलटा केला, आणि त्यातून त्याची किल्ली खणकन पडली. आनेश्काने ती पाहिली आणि तेव्हा कुठे ती रडली.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. महिन्याभरात पावाच्या दुकानाची काच फुटलीच. पण ती नव्याने बसवायला वखारीतले सहा-सात जण आले आणि मंडळाची तिकिटं आमच्या गल्लीत त्या वर्षी फारशी खपली नाहीत. झेल्मन वाचला. एका पायाने अधू झाला आणि म्हणू लागला की आता खरंच गुडघा नाही. आणि माझ्या कुलपात पुन्हा किल्ल्या येऊ लागल्या.

पुढे घराघरांत टेलिफोन आले, पोलिसांना मोटारी मिळाल्या. माझी तार कापली गेली तेव्हा मला कोणी विचारलंही नाही. गल्लीतले बोहेमियन लोक एकेक करून दूर राहायला गेले. मग एका दिवशी आनेश्काची मुलगी ल्युडमिला आली. तीही आता म्हातारी होती. तिच्या हातात आईची किल्ली होती. तिने ती माझ्या कुलपात घातली आणि फिरवली. कुठेही घंटा वाजली नाही. पण माझे दात शाबूत होते. मी किल्ली धरली.

“राहू दे,” ती म्हणाली. “आईचं नाव कळू दे सगळ्यांना.” आणि ती गेली.

आता गल्लीत मेक्सिकोची माणसं राहतात. ओफेलियाबाई रोज सकाळी माझ्याशेजारी मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले विकते आणि त्या किल्लीला आपली पिशवी अडकवते. परवा शेजारच्या इमारतीत कोणी नवरा बायकोला मारत होता आणि पोलीस आले होते. दुसऱ्या दिवशी तमाले घेताना एकाने हळूच विचारलं, “काल फोन कोणी केला होता हो?”

“मी,” ओफेलियाबाई म्हणाली. “लाल तिखटाचा देऊ की हिरव्या?”

मागे उभी असलेली एक बाई पुढे सरकली. “मीपण केला होता,” ती म्हणाली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यावर दरसाल नवा रंग चढवू नका, गंज तेवढा खरवडा. आणि कोणी हाक मारली हे कळलं, तर त्याच्या दारापर्यंत नुसते आभार घेऊन जाऊ नका. रस्ता ओलांडा आणि त्याच्या शेजारी उभे राहा. किल्ली मी धरून ठेवीन. माणसाला धरायचं काम लोखंडाला जमत नाही.