अर्ध्या टोपलीचा चमत्कार

एकोडीच्या धान गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. मोटरीचा जोर गिरणीला पोचवणारा लोखंडी दांडा गरगर फिरत होता आणि त्याच्यासमोर फुंकेश्वर महाराज डोळे मिटून बसले होते. महाराजांच्या फुंकरीनं तलावातले शिंगाडे आपोआप सोलून निघतात, असं शपथेवर सांगणारे त्या गर्दीत होते. फुंकरीनं सोललेला शिंगाडा मात्र कोणी खाल्लेला नव्हता.

गिरणीचा दांडा सारखा तुटत होता. तुटायचा तेव्हा जनाबाई तिथं असायची. तसं सगळं गावच असायचं, पण महाराजांना चेटकीण म्हणून एकटी राहणारी म्हातारी जनाबाईच दिसली. आज त्यांनी दांड्यावर मंत्र फुंकला आणि फर्मावलं, "देवाचा मान! अर्धीच टोपली धान टाका." दांडा तुटला नाही. झाला चमत्कार!

"आता परीक्षा," महाराज म्हणाले. "बाईनं दांड्याजवळच्या या पाटावर उभं राहून फिरत्या दांड्याले पदर लावावा. चेटकीण नसंल, तं दांडा सोडून देईल."

गर्दी एक पाऊल मागं सरली. दांडा घुंघुं करत फिरतच होता. त्यात पदर अडकला की बाई उरत नाही, हे गिरणीवाल्या श्यामलालला ठाऊक होतं. तो जमिनीकडे पाहत राहिला. जनाबाई पाटाकडे निघाली.

"आत्या, मांगं सर!" भंडाऱ्याच्या तंत्रनिकेतनात शिकवणारी तिची भाची ज्योत्सना ओरडली. "श्यामलालभाऊ, आधी तं भरीव दांडा होता ना? हा कायचा?"

"भंगारातला पाइप हाय, पोरी. तुटला का त्यातलाच दुसरा तुकडा लावतो."

"पोकळ!" महाराज गरजले. "म्हणून तं भूत अंदर बसलं!"

"मंग बासरीत काहून नाही बसत, महाराज?"

कोणीतरी हसलं. ज्योत्सनानं आधी तुटलेल्या पाइपाचा तुकडा मोजला आणि कोळशानं भिंतीवर आकडे मांडले.

"पोकळ असनं वाईट नाही. पीळ पडते तवा कडेचंच लोखंड खरं काम करते. पन इथं कडच पातळ. बाहेरून चाळीस मिलिमीटर, अंदरून चौतीस. दोन्हीचा चौथा घात काढा, वजा करा, बाहेरच्या मापानं भागा. भंगारातल्या गंजक्या लोखंडानं जेमतेम सोसायचा ताण धरला, तं हा दोनशे चाळीस न्यूटन-मीटर पीळ झेलते. मिनिटाले तीनशे फेरे, म्हंजे सेकंदाले सव्वाएकतीस रेडियन. पीळ गुणिले वेग, म्हंजे साडेसात हजार वॅट. दहा अश्वशक्ती! मोटर कितीची?"

"वीसची," श्यामलाल पुटपुटला.

"भरल्या टोपलीले गिरणी पुरे वीस मागते. अर्धीले दहा, म्हनून पाइप वाचला. आत्या तं आताही इथंच उभी हाय! आता मोटर बंद करा, तिले तलावापल्याड पाठवा, टोपली भरून ओता, अन् बटन बाहेरून दाबा. समदे बाहेर!"

सगळ्यात आधी महाराज बाहेर पळाले. गावानं ते पाहिलं.

श्यामलालनं बटण दाबलं. घुंघुं चढली, दांडा कण्हला आणि काडकन् तुटला. तुटकं टोक उसळून पाटावर आदळलं. पाटाचे दोन तुकडे झाले.

जनाबाई परतली. तिनं तुकडे पाहिले आणि पदर घट्ट खोचला. तिच्या नजरेला कोणी नजर देईना.

महाराजांची मोटारसायकल साकोलीच्या रस्त्यानं दूर जात होती. त्या वाटेवरही गिरण्या आहेत, एकट्या राहणाऱ्या बाया आहेत. बाबांनो, दांडा तुटला तर त्याची जाडी मोजा, भार किती ते विचारा. बाई शोधू नका.