उसने दहा आणि कपाटातला एक

मित्रांनो, ज्याच्या पोटात दिवा नाही असा एक म्हातारा सूक्ष्मदर्शक आज तुमच्याशी बोलतो आहे. माझ्याजवळ आहे तो फक्त एक आरसा. तो खिडकीकडे वळवला की बाहेरचे ऊन माझ्यात शिरते, पानाच्या पापुद्र्यातून वर चढते आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यात उतरते. तो उजेड माझा नव्हे. मी केवळ त्याची वाट.

अंबाल्याच्या एका कारखान्यात माझी पितळी चाके कातली गेली. माझ्या वाकलेल्या मानेला काळा रंग लागला, भिंगे बसली, आणि लाकडाच्या भुशात निजून मी आगगाडीने दक्षिणेकडे आलो. पेटी उघडली तेव्हा मी आजच्या तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतो, पैनगंगेच्या अलीकडच्या एका लहानशा सरकारी डिग्री कॉलेजात. फळ्यावर इंग्रजी, कार्यालयात तेलुगू आणि जेवणाच्या डब्यांभोवती मराठी, असे ते कॉलेज. खिडकीबाहेर कापसाची काळी जमीन क्षितिजापर्यंत पडलेली.

माझी उमेदीची वर्षे डोळ्यांच्या सहवासात गेली. उत्सुक डोळे, झोपाळलेले डोळे, काजळ घातलेले डोळे. डोळा टेकवायच्या माझ्या भिंगावर, नेत्रिकेवर, किती काजळ उमटले असेल, कोण जाणे. पहिल्यांदा पेशी दिसली की मुले श्वास रोखत. तो रोखलेला श्वास हेच माझे वेतन होते.

हळूहळू माझे मोठे चाक सैल झाले. ते फिरवताना माझी नळी खाली घसरते, म्हणून अंगठ्याने तिला आधार द्यावा लागतो. नळी खालीवर होते, काच ठेवायचा मंच जागेवरच राहतो. आमच्या पिढीची रीतच तशी. माझ्यापुढे बसलेल्या प्रत्येक मुलीच्या अंगठ्याने ही खोड पाठ करून घेतली. वृषालीनेही.

वृषाली याच खोलीत शिकली. तिच्या आईने, चंद्रभागाबाईने, उभा जन्म दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला. मुलगी मात्र शिकून याच प्रयोगशाळेत कंत्राटी प्राध्यापिका म्हणून परतली. दर वर्षी तिची नेमणूक संपे, दर वर्षी नव्याने होई. तिच्या वर्गात बेला गावाकडच्या खेड्यांतून बसने आणि दुचाकीवर मागे बसून येणाऱ्या मुली असत. त्यांतली तेजस्विनी तिची आवडती. तिचे वडील नागोराव भाजीचे मळेकरी. एकदा पालकाची जुडी घेऊन ते प्रयोगशाळेच्या दाराशी आले आणि आत न येताच बोलले.

"म्याडम, आधीच सांगून ठेवतो. पोरीले आदिलाबादले खोली करून देनं मले जमत नाई. तिची आजी ऐकत नाई, अन् खरं सांगू का, मीबी ऐकत नाई. इथं हाये तवर शिकन. इथलं बंद झालं का घरी."

"बंद काऊन होईन, दादा?" वृषाली म्हणाली. पण जुडी घेण्याआधी तिने मेजावरचा एक कागद उलटा करून ठेवला. कारण आदेश त्याच सकाळी आला होता.

मित्रांनो, आदेश कसा येतो हे तुम्हाला ठाऊक आहे का? दूर दिल्लीत एक मंत्रालय आहे. तिथे देशातल्या उच्च शिक्षणाचे धोरण लिहिले जाते. त्यातले शब्द सुंदर असतात: गुणवत्ता, संधी, मातृभाषा. ते शब्द हैदराबादला पोहोचतात आणि त्यांचे नियम होतात. नियम आमच्या खोलीपर्यंत येता येता त्यांचा आकडा होतो. या वेळचा आकडा होता दहा. ज्या प्रयोगशाळेत दहा चालू सूक्ष्मदर्शक नसतील, तिथला जीवशास्त्राचा ग्रुप, म्हणजे तो सारा विषयगटच, बंद होणार आणि मुले जिल्ह्याच्या कॉलेजात वर्ग होणार. पाहणीला समिती येणार होती.

माझे भाऊबंद एकेक करून निकामी झाले होते. कुणाचे भिंग बुरशीने आंधळे झालेले, कुणाचे चाक हरवलेले. चालता असा मी एकटाच.

प्राचार्यांनी मार्ग काढला. असा मार्ग काढणारे ते पहिले नव्हते. आमच्याकडे लग्नाला जसे सतरंज्या आणि पातेली शेजारून आणतात, तशी पाहणीला यंत्रे आणतात. एका खाजगी कॉलेजातून दहा नवे सूक्ष्मदर्शक जीपमधून आले. पांढरेशुभ्र, पोटात विजेचा दिवा असलेले. अटेंडर लखनभाऊ ते एकेक उतरवत होते.

"वरात तं जोरदार हाये म्याडम," ते म्हणाले, "पन नवरदेव सारे उसने."

"हासू नका लखनभाऊ. हळू ठेवा."

"ठेवतो. लोकाईचं लेकरू हाये. आपल्यापेक्षा जास्त जपा लागते."

प्राचार्य दाराशी उभे राहून मेज न्याहाळत होते. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "म्याडम, ये पुराना माल अंदर डालो," ते त्यांच्या हैदराबादी हिंदीत म्हणाले. "समिती के सामने कबाड़ नक्को."

वृषालीने मला दोन्ही हातांनी उचलले, एक हात मानेला, एक तळाला, जसे ती मुलींना शिकवते तसे. कपाटात ठेवले. अंगावर कापड टाकले. कुलूप लागल्याचा आवाज मी आतून ऐकला.

त्यापुढचे मी पाहिलेले नाही, मित्रांनो. ऐकलेले आहे. पाहण्यासाठी जन्मलेल्या वस्तूला अंधारात ऐकत बसावे लागले की प्रत्येक आवाज धारदार होतो.

आधी पावले आली. मग समितीच्या अध्यक्षांचा थकलेला, सौम्य आवाज. ते हिंदीत बोलत होते, आणि मधूनमधून बोट काचेवर आपटल्याचा बारीक टकटक आवाज येत होता. त्यांच्या हातात टॅब असावा. दहा यंत्रे मोजली गेली. फोटो निघाले. प्राचार्यांचा सुस्कारा कपाटापर्यंत पोहोचला.

मला वाटले, झाले.

"बेटा," अध्यक्ष म्हणाले, "ज़रा एक स्लाइड फोकस करके दिखाओ."

खुर्ची सरकली. पापुद्रा ओला करून काचेवर ठेवल्याची, वर पातळ काच टेकवल्याची शांतता मी ओळखतो. ती तेजस्विनी होती. आता ती चाक फिरवणार. तिचा अंगठा सवयीने नळीखाली आधार शोधणार, आणि तिथे नळी नसणार. त्या नव्या यंत्रांत नळी हलत नाही. मंचच वर चढतो. ती नळी वर घ्यायला चाक फिरवील आणि नळीऐवजी मंच वर चढून काच भिंगावर आदळेल. हे मला ठाऊक होते. तिला नव्हते. दहा यंत्रे आणण्याच्या घाईत त्यांतले एकही मुलींच्या हाती द्यायचे कुणाला सुचले नव्हते.

कट्.

पातळ काच फुटली की एवढाच आवाज होतो.

तिने दुसरी काच घेतली. पुन्हा चाक. पुन्हा तोच आवाज.

"इन्हें सिखाया नहीं गया," अध्यक्ष म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो अधिक भयंकर वाटला. टॅबवर बोट टेकले. टक. खोलीत यंत्रे दहा आहेत आणि शिकवणे शून्य आहे, अशी नोंद होऊ घातली होती. आणि खरे त्याच्या नेमके उलटे होते.

"सर, मले येते," तेजस्विनी म्हणाली. "पन याच्यावर नाई. हे मशीन मले वळखत नाई. आमचा आत हाये."

"आत क्या?"

"कपाटात, सर."

"कुछ नहीं सर, कबाड़ है," प्राचार्य घाईने म्हणाले.

मित्रांनो, किल्ली वृषालीजवळ होती. कपाट उघडले नाही तर दहाचा आकडा वाचत होता, पण तिच्या मुली अडाणी ठरत होत्या आणि ग्रुप त्याच कारणाने बंद होणार होता. उघडले तर मुली खऱ्या ठरत होत्या, पण आकडा खोटा ठरत होता. नेमणूक तर दोन्हीकडून तिचीच जात होती. तिचा श्वास मला ऐकू येईना. डोळा नेत्रिकेला लावून मुले जो श्वास रोखतात, तसाच तो रोखलेला होता.

"कबाड़ नहीं है, सर," ती म्हणाली.

कुलूप उघडले. उजेड एकदम आला. तिने मला खिडकीपाशी नेऊन ठेवले आणि बाजूला सरकली.

तेजस्विनीने घरून आणलेल्या पालकाच्या पानाची खालची बाजू नखाने सोलली. पारदर्शक पापुद्रा काचेवर आला. तिने माझा आरसा उन्हाकडे वळवला, अंगठा माझ्या नळीखाली दिला आणि चाक फिरवले. तिच्या बोटांत आता भीती उरली नव्हती. घरच्या चुलीपुढे बसावे तशी ती बसली होती.

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि वाकले.

त्यांना काय दिसत होते ते मला माहीत आहे. हिरवट पाण्यात पसरलेल्या पेशींची नक्षी, आणि तिच्यात जागोजागी दोन ओठांसारख्या पेशी, मध्ये श्वासाएवढी फट. ते बराच वेळ पाहत राहिले.

"ये क्या है?"

"स्टोमाटा, सर. पानाचं नाक म्हना ना. ऊन चढलं, पानी कमी पडलं का मिटून घेते. नाई तं पान सुकन." ती थांबली. "भर दुपारी आमच्या मळ्यातला पालक मान टाकते तवा हे सारे मिटून बसले रायते."

वृषालीने ते हिंदीत सांगितले. अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. मग पांढऱ्या यंत्रांकडे हात केला.

"और ये किसके हैं?"

"माँगकर लाए हैं, सर," वृषाली म्हणाली.

"जानता हूँ. इनसे मेरी मुलाक़ात हो चुकी है. दूसरे कॉलेज में." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "वहाँ किसी ने अलमारी नहीं खोली."

"सर, इस लड़की को आता है, ये आप कहाँ लिखेंगे?"

त्यांनी टॅब तिच्यापुढे धरला. संख्या, पावती, फोटो. त्यांचे बोट एकेक रकाना ओलांडत तळापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. "इसका ख़ाना नहीं है, म्याडम." मग ते खिडकीकडे पाठ करून बराच वेळ काही टाइप करत राहिले. काय लिहिले ते त्यांनी सांगितले नाही.

त्यानंतरचे दिवस लांब होते. पांढरी यंत्रे जीपमध्ये बसून पुढच्या पाहणीला निघून गेली. प्राचार्य वृषालीशी कामापुरते बोलू लागले. माझ्यावर पुन्हा कापड आले, पण कपाटात मला कुणी ठेवले नाही.

शेवटी आदेश आला. ज्या मुली शिकत आहेत, त्यांनी इथेच पदवी पूर्ण करावी. प्रात्यक्षिकाचे ज्ञान समाधानकारक आढळले आहे. त्या पूर्ण करेपर्यंत प्राध्यापिका कायम. मात्र कॉलेजचे स्वतःचे दहा सूक्ष्मदर्शक होईपर्यंत नवे प्रवेश नाहीत. कपाट न उघडलेल्या त्या दुसऱ्या कॉलेजाला पूर्ण मंजुरी मिळाल्याचेही कळले.

"खरं बोलून काय भेटलं, म्याडम?" लखनभाऊंनी टेबल पुसता पुसता विचारले.

"ह्या पोरी भेटल्या," वृषाली म्हणाली.

"अन् येनाऱ्या?"

तिने माझ्यावरचे कापड सारखे केले.

पुढच्या प्रात्यक्षिकाला पहिल्या वर्षाची बाके रिकामी होती. तेजस्विनी आली, तिने त्या बाकांकडे पाहिले, माझ्यावरचे कापड काढले आणि घडी करत उभी राहिली.

"म्याडम, आमी शेवटच्या का?"

वृषाली खिडकीशी गेली. बाहेर शाळा सुटली होती. निळ्या गणवेशातल्या मुली बांधावरून घराकडे निघाल्या होत्या. तिने खिडकीतूनच त्यांना हाक मारली. त्या बिचकत आत आल्या, चपला दाराशी काढून, एकमेकींना पुढे ढकलत.

"म्याडम, आमचं अ‍ॅडमिशन नाई इथं," त्यांतली एक म्हणाली. "आमी तं नववीत."

"पाहाले अ‍ॅडमिशन लागत नाई. बस." मग ती तेजस्विनीकडे वळली. "दाखव तिले. अंगठा कुठं ठेवा लागते ते आधी सांग."

मित्रांनो, माझी गोष्ट इथवर आली आहे आणि पुढची मला माहीत नाही. नवी यंत्रे येतील की नाही, हे हैदराबादला ठाऊक. कदाचित त्यांनाही नसेल. पण तुमच्यापैकी कुणीतरी उद्या मोठे व्हाल आणि अशा आदेशावर तुमची सही लागेल. त्या दिवशी आकड्याच्या शेजारी एक रिकामा रकाना ठेवा. आणि तोवर जी वस्तू तुम्हाला शिकवते, ती पाहुण्यांपुढे लपवू नका. तिचे भिंग मऊ कापडाने पुसा, बुरशी चढू देऊ नका, ती नादुरुस्त झाली तर वेळीच बोला. माझे नऊ भाऊ वेळीच दुरुस्त झाले असते, तर आम्हाला कुणाकडे हात पसरावा लागला नसता.

त्या निळ्या गणवेशातल्या मुलीने डोळा माझ्यावर टेकवला आहे. तिला अजून काही दिसलेले नाही. तेजस्विनी चाक सावकाश फिरवते आहे.