थांबवलेलं दूध

आत्यानं सिरिंजचा दट्ट्या हलक्या हातानं मागे ओढला. नळीतून आधी थोडी हवा आली, मग दुधाचे बारीक कण, आणि त्यांच्यामागून फिकट हिरवट पाणी. तिनं सिरिंज खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. मग काचेच्या पेटीत हात घालून बाळाच्या पोटावर दोन बोटं टेकवली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

पेटीतलं बाळ तिच्या सख्ख्या भावाचं होतं. दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मलेलं. चोखायची ताकद नाही, म्हणून तोंडातून पोटात नळी घालून त्याला दूध द्यावं लागे. वॉर्डातल्या सगळ्याजणी त्याला मूठभर म्हणत. नात्यातलं बाळ आपल्याकडे घ्यायचं नाही असा तिथला रिवाज होता, पण तिच्या बरोबरीच्या दोन नर्स आजारी पडल्या आणि इनचार्ज बाईंनी आत्यापुढे हात जोडले, आजचा दिवस निभावून ने म्हणून. निभावून ने म्हणे! बाळाची आई आणि ही आत्या, दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, हे त्या बाईंना कुठून ठाऊक असणार?

लग्नाआधी आत्यानं भावाला एकदाच बजावलं होतं, मुलगी हुशार आहे पण आपल्यात रमणारी नाही, नीट विचार कर. या भावाच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. लग्नाला आठवडा झाला नाही तोच त्यानं ते बायकोला सांगून टाकलं. तेव्हापासून भावजयीनं नणंदेच्या घरी पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि नणंदेनंही तो पुढे केला नव्हता.

आता ती भावजय पेटीशेजारच्या स्टुलावर बसून नणंदेच्या बोटांकडे टक लावून पाहत होती.

"काय झालं?"

"आत्ताचं दूध देत नाही मी."

"का?"

"पोट सकाळसारखं मऊ लागत नाही. आणि हे हिरवट आलंय. डॉक्टर बघेपर्यंत थांबायचं."

"सकाळपासून छान होता की तो! आत्ता हात हलवत होता."

"मला दिसतं."

ट्रेमध्ये कोमट केलेल्या दुधाची वाटी तयार होती. भावजयीनं टाके दुखत असताना, भिंतीकडे तोंड करून, थेंब थेंब काढलेलं दूध. एकदा गरम केलेलं दूध परत ठेवत नाहीत. आत्यानं वाटी उचलली आणि तिच्या डोळ्यांदेखत बेसिनमध्ये ओतून दिली. आतल्या खोलीत नेऊन ओतता आलं असतं. दुसऱ्या कुणाची वाटी असती तर तिनं तसंच केलं असतं. हे तिला वाटी रिकामी झाल्यावर कळलं, आणि कळूनही तिनं नळ सोडून बेसिन धुतलं.

"तुमच्याच वॉर्डात सांगतात ना," भावजय उभी राहिली, "आईचं दूध म्हणजे याच्यासाठी औषध? मग औषध ओतून दिलंत तुम्ही?"

"सिस्टरशी बोलतेयस की माझ्याशी?"

"तुमच्याशी बोलायची मला हौस नाही. सिस्टरशीच बोलतेय."

"मग सिस्टर सांगते ते ऐक. त्याच्या आतड्याला सूज येत असेल, तर आत गेलेला प्रत्येक थेंब त्याला महाग पडेल. अशी पोरं तासाभरात हातची जातात."

"आणि सूज नसेल तर?"

उत्तर आत्याला ठाऊक होतं, सरळ होतं. सूज नसेल, तर या एवढ्याशा जिवाला विनाकारण उपाशी ठेवायचं, शिरेतून पाणी द्यायला सुया टोचायच्या, आणि जे दूध त्याच्या आतड्याला जपतं तेच तोडायचं. दोन्हीकडून जबाबदारी तिच्याच गळ्यात.

ती पलीकडच्या पेटीपाशी गेली. तिथल्या बाळाचं पोट चाचपलं, मऊ होतं. परत येऊन मूठभरच्या पोटाला हात लावला. पुन्हा तिकडे गेली. बोटं खरं सांगतायत की बोटांत राग उतरलाय, हे तिला ठरवता येईना. मेलं हे नातं मध्ये नसतं तर एव्हाना डॉक्टरांना फोन होऊनही गेला असता.

तिनं पलीकडच्या नर्सला बोलावलं. "जरा बघ गं. मी काही सांगत नाही, तूच बघ."

त्या नर्सनं पोट पाहिलं, सिरिंज पाहिली, खांदे उडवले. "मी असते तर अर्धं दिलं असतं. एवढं काही नाही वाटत मला." मग भावजयीकडे वळून ती गोड हसली. "घाबरू नका हं, बाळ मस्त आहे."

भावजयीनं नणंदेकडे पाहिलं. ऐकलंत ना, असं त्या नजरेत स्पष्ट होतं.

डॉक्टर ऑपरेशन थिएटरच्या दारात होते. फोनवर त्यांचा आवाज घाईतला.

"किती हिरवं?"

"फिकट आहे."

"पोट ताठ आहे का?"

"ताठ नाही. पण सकाळसारखं मऊ नाही."

"मग अर्धं देऊन बघा ना, सिस्टर. मी आलोच."

"नाही देणार, डॉक्टर. तुम्ही हात लावून बघा, मग सांगा द्यायला."

"बरं. थांबवा मग. नळीचं तोंड उघडं ठेवा, मी येतो."

डॉक्टर येण्याआधी भाऊच येऊन थडकला. बायकोनं फोन केला होता. आत येताना हात धुवायचं भान राहिलं नव्हतं, म्हणून आत्यानं त्याला दारातूनच परत बेसिनकडे पाठवलं. लहानपणी जेवायच्या आधी पाठवायची तसं. तो ओल्या हातांनी परत आला.

"ताई, तू दूध ओतून दिलंस म्हणे."

"दिलं."

"ती दुसरी सिस्टर म्हणते द्यायला हरकत नव्हती. डॉक्टरही तेच म्हणाले म्हणे. मग तुझंच काय अडलं?" त्याचा आवाज चढला. "तुमचं दोघींचं काय ते बाहेर ठेवा. माझ्या पोरावर सूड उगवू नकोस."

सूड हा शब्द ऐकून पलीकडची नर्ससुद्धा वळली. आत्याचे कान तापले. याला कडेवर घेऊन फिरवला, याचे गुडघे फुटले की आपण मार खाल्ला, आणि हा आज चारचौघांत असं बोलतो! तिनं पेटीचं दार लावलं, बोटानं दोनदा दाबून खात्री केली.

"इथं मी तुझी ताई नाही. आवाज खाली घे, पोरं झोपलीत."

"मी तक्रार करणार आहे," भावजय म्हणाली.

"इनचार्ज बाई डाव्या हाताच्या खोलीत बसतात."

ती खरंच गेली.

डॉक्टर आले, त्यांनी पोट चाचपलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, एक्सरे काढू, रक्त तपासू. मग सुया आल्या. मूठभरच्या शिरा दोऱ्यासारख्या. एका हातात साधेना, मग दुसरा, मग पाय. त्याचं रडणं मांजराच्या पिल्लाएवढं, पण बाहेर काचेला कपाळ टेकून उभ्या असलेल्या भावजयीला ते पुरेपूर ऐकू गेलं. आत्यानं बाळाचं पाऊल धरून ठेवलं होतं. तिनं एकदाही काचेकडे पाहिलं नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा डॉक्टर एक्सरे घेऊन आले. आतडी स्वच्छ. रक्तही चांगलं. पोटात थोडी हवा होती, इतकंच. नळीचं टोक मात्र जठराच्या पुढे सरकलेलं होतं. त्यामुळे ते हिरवं पाणी येत होतं.

"नळी जरा मागे घ्या आणि दूध सुरू करा," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही थांबवलंत ते बरोबरच होतं, सिस्टर. नेहमी असंच निघतं असं नाही." आणि पुढच्या पेटीकडे गेले.

भावानं सुस्कारा सोडला. भावजय मात्र हलली नाही.

"म्हणजे काहीच नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"नळी पुढे सरकली कशी?"

पलीकडची नर्स चटकन म्हणाली, "अहो, बाळं हलतात, सरकते कधीकधी."

"सरकली नाही," आत्या म्हणाली. "सकाळी नळीवरची चिकटपट्टी ओली झाली म्हणून मी ती बदलली. तेव्हा माझ्याच हातानं नळी जास्त आत गेली. मोजायला हवी होती, तशी मोजली नाही. त्याच्या सुया माझ्यामुळे."

पलीकडच्या नर्सनं कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. आत्यानं नळी मोजली, मागे घेतली, पुन्हा मोजली. आता हिला आयतं कोलीत मिळालं, जन्मभर पुरेल एवढं.

तेवढ्यात इनचार्ज बाई आल्या. एक्सरेचं त्यांना कळलं होतं, नळीचंही आता कळलं. आत्याकडे त्यांनी नंतर बोलू अशा नजरेनं पाहिलं आणि भावजयीला म्हणाल्या, "उद्या आमची एक सिस्टर कामावर येतेय. बाळ तिच्याकडे देते. तुमची तक्रार योग्य आहे, काळजी करू नका."

"नको," भावजय म्हणाली.

"काय नको?"

"दुसरी नको. हीच राहू दे."

"अहो, पण तुम्हीच दुपारी..."

"तक्रार आहेच. ती मी मागे घेत नाही. नळीचंही त्यात घाला." भावजयीचा आवाज फुटला, पण तिनं तो सावरला. "बाकीच्यांना माझी दया येते, बाई. मी रडले की त्या माझे हात धरून बसतात, मस्त आहे म्हणतात. हिला माझी दया येत नाही. मी इथं डोकं आपटून घेतलं तरी ही त्याच्या पोटावरचा हात काढायची नाही. आणि चुकली तर माझ्या तोंडावर सांगेल. मला ही डोळ्यांसमोर नको असते. पण त्याच्यापाशी हीच हवी."

भाऊ एकदा बायकोकडे, एकदा बहिणीकडे पाहू लागला. त्याला कुणी काही समजावून सांगितलं नाही.

इनचार्ज बाईंनी आत्याला विचारलं, "तुला चालेल का?"

"मला नाही चालणार," आत्या म्हणाली, आणि भिंतीवरच्या ड्यूटीच्या फळ्यापाशी जाऊन, उद्याच्या रकान्यात, मूठभरच्या पुढे स्वतःचं नाव लिहिलं.