दुप्पट, होडीचा वाटा आणि बत्तीस

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. अंगातला ताप मोजणारा नव्हे, चुलीवरचा पाक मोजणारा. विलायतेतल्या एका कारखान्यात माझी नळी घडली, तिच्यात पारा भरला गेला आणि पाठीच्या पितळी पट्टीवर फॅरनहाइटचे आकडे कोरले गेले. सेल्सिअस मला येत नाही.

डहाणूतल्या एका इराणी शेठच्या बागेत, वाडीत, मी पंचवीस वर्षे चिकूच्या जॅममध्ये उभा राहिलो. मला हाताळायची ती चिंचणीची वेणू. वाडीतलं काम बंद झालं तेव्हा शेठाणी तिला म्हणाल्या, "वेणू, आ तू लई जा. तने ज समजाय छे." मी तिलाच समजतो, म्हणून वेणूने मला पदरात गुंडाळून घरी आणलं.

बाहेर सगळीकडे सेल्सिअस आलं होतं. चौथी शिकलेल्या वेणूने त्यावर स्वतःची रीत काढली. "आकडा दुप्पट कर. त्यातून होडीचा वाटा काढ, दहातला एक. उरलं त्यात बत्तीस टाक." मासळी वाटताना होडीचा वाटा आधी बाजूला होतो, तसंच हे. तळणीचं तेल एकशे ऐंशीला हवं असेल, तर तीनशे साठातून छत्तीस गेले, बत्तीस आले, तीनशे छप्पन्न. बोंबलाला पीठ लागेपर्यंत तिचं उत्तर तयार असे.

तिची मुलगी क्रांती तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. आईच्या या रीतीला ती हसायची. "आय, फोनला विचार ना. एका सेकंदात सांगतो."

"फोनला होडी आहे का?" वेणू म्हणायची.

मग वेणूची छाती बिघडली. ती खाटेवर पडली आणि त्याच आठवड्यात समुद्राकाठच्या एका हॉटेलाने चाळीस बाटल्या जॅम मागवला. झाकणावर नाव येणार होतं, 'वेणूताईंचा चिकू जॅम'. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या नावाने जॅम घोटला होता. क्रांतीने रजा घेतली आणि पातेलं चढवलं. हॉटेलच्या कागदावर लिहिलं होतं, एकशे पाच सेल्सिअसला उतरवा.

खाटेवरून वेणू म्हणाली, "दुप्पट कर, मग..."

"मग बत्तीस. लहानपणापासून ऐकते गो, आय. तू बोलू नकोस, धाप लागेल."

चिकट हातांनी फोन न घेता क्रांतीने मनातच केलं: दोनशे दहा आणि बत्तीस, दोनशे बेचाळीस. मी दोनशे एकवीस दाखवलं, तेव्हा जॅम झाला होता. तिने पाहिलं आणि ढवळत राहिली. माझ्याजवळ आकडे आहेत, आवाज नाही.

"वास माझ्यापर्यंत आला," वेणू म्हणाली. "पारा काय झोपलाय?"

"थांब, व्हायचंय अजून."

पातेल्यात काळा दगड उरला. उलथनं घातलं तर दांडा वाकला. क्रांतीने मला उपसून ओट्यावर टाकलं. "तुझा हा म्हातारा चुकीचं दाखवतो, आय."

वेणू म्हणाली, "तू शिकलेली. तू म्हणतेस तर तसंच असेल. म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचंच..." मला फळीच्या मागे ठेवायला तिनेच सांगितलं. हॉटेलने दुसरीकडून जॅम घेतला. एकवीस दिवसांनी वेणू गेली.

तेराव्यानंतर फळी आवरताना मी क्रांतीच्या हाती लागलो. चहाचं आधण उकळत होतं. तिने मला त्यात धरलं. पारा चढला आणि दोनशे बारावर थांबला, जिथे उकळत्या पाण्यात थांबायला हवं तिथेच. क्रांतीने ओठ हलवत शंभराची दुप्पट केली. या वेळी होडीचा वाटाही काढला, वीस. बत्तीस मिळवले. गॅस बंद करायचं तिला सुचलं नाही, पाणी आटलं.

आता ती मला रोज पुसते. माझं पितळ इतकं कधीच चमकलं नव्हतं. मला त्याचा काही उपयोग नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू खोटी आहे असं म्हणण्याआधी ती एकदा तपासून पाहा. चहाच्या आधणाइतकाच वेळ लागतो. पण तेवढ्यासाठी कुणाची खाट रिकामी होण्याची वाट पाहू नका.