पंखा तिथं पहिला

मस्तगडला आमचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. चालवतो मी, पण बोर्डावर नाव वडिलांचं, पुंजाराम मिस्त्री. चार महिन्यांपासून अण्णा विसरायला लागले होते. ऑइल भरलं की झाकण लावायचं राहायचं. एकदा तर गिऱ्हाइकाची चावी खिशात घालून घरी जाऊन झोपले. मला गोड बोलता येत नाही. मी तोंडावर सांगून टाकलं, "प्रियदर्शनी मॅडमची गाडी बराबर झाली तर ठीक. न्हाईतर उद्यापासून तुम्ही घरी."

अण्णा पाना घेऊन गाडीकडं वळले.

मॅडम आमच्या गिऱ्हाईक, गाडी त्यांच्या वडिलांची, जुनी जर्मन. इंजिन मागे. रेडिएटर नाही, पाणी नाही, नुसत्या हवेवर गार होणारं. चार सिलिंडर आडवे झोपलेले, दोन इकडे, दोन तिकडे. गाडी ओढत नव्हती म्हणून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करायला आणली होती. असलं इंजिन आम्ही बापलेकांनी कधी उघडलं नव्हतं.

"इंजिन म्हंजे इंजिन," अण्णा म्हणाले. "फकस्त गार पाह्यजे."

सकाळी गार इंजिनवर त्यांनी पुलीवरची पहिल्या सिलिंडरची खूण जुळवली, पुलीजवळचा सिलिंडर पहिला धरून सुरुवात केली आणि मापाच्या पातळ पत्तीनं फट मोजत आठही व्हॉल्व्ह बसवले. चालू केलं, तर कुणी मोरीत भांडी आपटावीत तसा खडखडाट! आधी बरी होती म्हणायची वेळ आली.

दीड तास गार होऊ दिलं. मी स्वतः खूण जुळवून पत्ती सरकवली. फट बरोबर. आठही बरोबर. मग आवाज कशाचा?

"एखादा नट कसायचा राह्यला असंल," मी खेकसलो.

"न्हाई रे. समदे कसले." मग थांबून हळूच म्हणाले, "कसले ना मी?"

हे मला विचारलं की स्वतःला, कळेना. नट तर सगळे घट्ट होते. मी म्हटलं, बाजूला व्हा, मी करतो.

मग सगळं पहिल्यापासून केलं, अगदी त्यांनीच शिकवलं तसं. पंखा तिथं पहिला, हा त्यांचा मंत्र. ट्रॅक्टर असो की पाण्याचं इंजिन, पंख्याच्या, पुलीच्या बाजूनं मोजायला लागायचं. एका व्हॉल्व्हचा स्क्रू तपासताना वाटलं, हा जरा जास्तच बाहेर आलाय. पण पत्ती बरोबर बसत होती, मी पुढे गेलो. चालू केलं. तोच खडखडाट!

खरं सांगतो, आधी मला बरं वाटलं. म्हणजे चूक अण्णांच्या डोक्याची नव्हती. मग घामच फुटला. माझंही चुकलं नाही, त्यांचंही चुकलं नाही, पत्ती खोटं बोलत नाही, आणि इंजिन तर बोंबलतंय. डोक्याचा नुसता भुगा झाला.

इंजिन पुन्हा गार होईपर्यंत मी कपाळाला हात लावून बसलो. अण्णांना रिकामं बसवत नाही. डिझेलची चिंधी घेऊन ते सिलिंडरवरचा पत्रा पुसायला लागले. फुकटचा उद्योग, मी मनात म्हटलं. तेवढ्यात त्यांचं बोट थांबलं.

"कल्या, हितं आकडा हाय."

पत्र्यात आकडे उठवलेले होते, कित्येक वर्षांच्या काजळीखाली दबलेले. पुलीजवळच्या सिलिंडरवर दोनचा आकडा. एकचा पार आतल्या बाजूला, गाडीच्या तोंडाकडं. पुलीची खूण त्या आतल्या सिलिंडरची होती. ती जुळली की त्याचे व्हॉल्व्ह मिटलेले असायचे, आणि फट मिटलेल्या व्हॉल्व्हचीच मोजायची असते. आणि आम्ही त्याच वेळी दुसऱ्याच सिलिंडरचा, इंजिनानंच दाबून उघडलेला व्हॉल्व्ह मोजत होतो. दर वेळी त्याच चुकीच्या जागी, म्हणून पत्ती दर वेळी बरोबर. तो स्क्रू जास्त बाहेर आला होता, तोही त्यामुळंच.

"आयला, ह्याचं समदं उलटंच!" अण्णा म्हणाले. माझा पाना मागून घेतला आणि आकड्याप्रमाणे आठही व्हॉल्व्ह पुन्हा बसवले. मी फक्त पुली फिरवत होतो.

चालू केलं. बारीक टिकटिक, बाकी काही नाही. अण्णा कान लावून कितीतरी वेळ ऐकत राहिले.

"अण्णा, मला वाटलं तुमचं डोकं..." लाज वाटली.

"मला बी तसंच वाटलं," ते हात पुसत म्हणाले. "मघाशी तू करून राह्यला ना, तवाच मी माझे पाने पेटीत भरून ठेवले. घरी न्यायला."

मी वळून पाहिलं. त्यांच्या बाजूची भिंत रिकामी होती. नुसते खिळे. दुपारभर मी तिथंच वावरत होतो, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मी पेटी उघडली आणि एकेक पाना परत टांगायला लागलो.

"बारा-तेराचा पाना खालच्या खिळ्याला लाव," अण्णा मागून म्हणाले. "वर माझा हात पुरत न्हाई आता."